काटिपो: गवताच्या फटीत राहणारा विषारी कोळी

न्यूझीलंडच्या जमिनीवर साप नाहीत आणि विंचूही नाहीत. अशा देशात माणसाला खरोखर त्रास देऊ शकेल असा मूळचा कोळी एकच. त्याचं नाव काटिपो. तो समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर राहतो, चावला तर दवाखान्यात जायची वेळ येऊ शकते, आणि तरीही त्याला मुद्दाम मारणं तिथे गुन्हा आहे. 2010 मध्ये या कोळ्याला देशाच्या 1953च्या वन्यजीव कायद्याखाली संपूर्ण संरक्षण मिळालं.

विषारी कोळ्याला कसलं आलंय संरक्षण, असं वाटणं साहजिक आहे. पण उरलेत किती, हे कळलं की कायद्याचं कारण समजतं. या शतकाच्या सुरुवातीला केलेल्या अंदाजाप्रमाणे काटिपो फक्त काही हजार उरले होते. उत्तर बेटावर साधारण 50 ठिकाणी आणि दक्षिण बेटावर जेमतेम 8 ठिकाणी. म्हणजे किवी पक्ष्याच्या काही जातींपेक्षाही हा कोळी दुर्मीळ. किवीसाठी देणग्या मिळतात, पोस्टरं छापली जातात. आठ पायांच्या, काळ्या, चावणाऱ्या प्राण्याच्या वाट्याला ते कौतुक येत नाही.

त्याचं शास्त्रीय नाव लॅट्रोडेक्टस काटिपो. 1871 मध्ये लुएलिन पॉवेल यांनी ते दिलं. लॅट्रोडेक्टस म्हणजे 'ब्लॅक विडो'चं घराणं. अमेरिकेतली ब्लॅक विडो आणि ऑस्ट्रेलियातला रेडबॅक हे याचे भाऊबंद.

दिसायला मादी देखणी. तिचं पोट मटारच्या दाण्याएवढं, गोल आणि मखमली काळं. पाठीवरून मागच्या टोकापर्यंत एक लाल पट्टा जातो आणि त्याला पांढरी किनार असते. पोटाच्या खालच्या बाजूला लाल डाग असतो, दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवल्यासारखा. शरीराची लांबी साधारण 8 मिलिमीटर. पाय पसरले तर एकूण पसारा 32 मिलिमीटरपर्यंत जातो. नराला शेजारी ठेवलं तर हा तिचाच जोडीदार यावर विश्वास बसणार नाही. तो आकाराने तिच्या सहाव्या हिश्श्याएवढा, आणि पोटावर काळा-पांढरा रंग नि नारिंगी-लाल ठिपके. पिल्लंही अशीच दिसतात. मादी मोठी होता होता तो रंगीबेरंगी वेश टाकून काळी होते. नर मात्र आयुष्यभर पिल्लाच्याच रंगात राहतो.

उत्तर बेटाच्या वरच्या भागात गेलात तर माद्यांच्या पाठीवरचा लाल पट्टा गायब असतो. त्या नुसत्याच काळ्या. म्हणून कित्येक वर्षं 'लाल काटिपो' आणि 'काळा काटिपो' या दोन वेगळ्या जाती मानल्या जात होत्या. समज अगदीच बिनबुडाचा होता असंही नाही. लाल काटिपोच्या अंड्यांची वाढ सुमारे 17 अंश सेल्सिअसच्या वर होते, काळ्याच्या अंड्यांना मात्र सुमारे 22 अंशांच्या वरची ऊब लागते. थंड दक्षिणेत लाल, उबदार उत्तरेत काळा, मधल्या पट्ट्यात दोन्ही. 2008 मध्ये संशोधकांनी शरीररचना आणि डीएनए दोन्ही तपासले आणि ही एकच जात असल्याचं ठरलं. किनाऱ्याने उत्तरेकडे जाल तसा रंग बदलत जातो, एवढंच.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. काटिपोबद्दल जे काही वाचायला मिळतं त्यातलं बरंचसं त्याच्या विषावर लिहिलेलं असतं. माझ्या मते हा कोळी समजून घ्यायचा असेल तर विष थोडं बाजूला ठेवून तो घर कुठे बांधतो ते पाहावं. त्याचं सगळं नशीब तिथेच ठरतं.

काटिपो लाटांच्या जवळ राहत नाही. तिथे भरतीचं पाणी येतं, वादळात सगळं धुऊन जातं. समुद्राकडून पहिली वाळूची टेकडी ओलांडली की तिच्या जमिनीकडच्या उतारावर, वाऱ्याच्या आडोशाला त्याची वस्ती. जिथे वाळूच्या टेकड्या आत दूरवर पसरल्यात तिथे तो समुद्रापासून काही किलोमीटर आतही सापडतो. या उतारांवर तुरळक वनस्पती असतात. त्यात सगळ्यात महत्त्वाची पिंगाओ: सोनेरी-केशरी झाक असलेली, गवतासारखी दिसणारी वनस्पती. न्यूझीलंडचे मूळ रहिवासी असलेले माओरी लोक विणकामात तिची पानं वापरतात. दुसरी स्पिनिफेक्स. शिवाय लाटांनी आणून टाकलेले ओंडके. आणि हो, किनाऱ्यावर फेकलेले रिकामे डबे, जुन्या बाटल्यासुद्धा. आडोसा मिळाला की झालं, कुणाचा कचरा आहे याची पंचाईत त्याला नसते.

जाळं म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते नक्षीदार, गोल जाळं. काटिपोचं जाळं पाहून तुम्ही म्हणाल, हे कुणीतरी विस्कटून टाकलंय. झुडपाच्या बुडाशी, जमिनीपासून अगदी थोड्या उंचीवर, आडवातिडवा गुंता. जवळून पाहिलं तर त्या गुंत्यात व्यवस्था दिसते. मध्ये पिवळसर-तपकिरी रेशमाचा दाट, किंचित खोलगट थर असतो. त्याला वरून आणि खालून धागे ताणून आजूबाजूच्या ताटांना बांधलेलं असतं. बाकीचे काही धागे खाली वाळूपर्यंत उतरतात. या कुळातल्या कोळ्यांची खरी चलाखी या खालच्या धाग्यांत असते. धागा ताणलेला असतो आणि त्याच्या बुडाशी डिंकाचे बारीक थेंब असतात. वाळूवरून चालणारा किडा त्याला धडकला की धागा जमिनीपासून सुटतो, आखडतो आणि किड्याला वर उचलतो. किड्याचे पाय अधांतरी. मग कितीही धडपड केली तरी रेटा द्यायला खाली जमीनच नसते.

मादी एका बाजूला आडोशात बसलेली असते. डोळे आठ असले तरी नजर यथातथाच. तिला सगळं कळतं ते धाग्यांच्या थरथरीवरून. शिकार लागली की ती धावत येते, पण लगेच चावत नाही. आधी ती पाठमोरी होते. मागच्या पायांवर बारीक, फणीसारखे केस असतात. त्या पायांनी ती चिकट रेशीम ओढून शिकारीवर फेकते, पुन्हा फेकते, आणि पाय पुरते बांधले गेले की मग वळून चावा घेते. छोटे छोटे दोन-चार चावे, आणि शेवटचा बराच वेळ धरून ठेवलेला. हालचाल थांबली की शिकार ओढून वर नेते. पोट भरलेलं असेल तर ती तशीच टांगून ठेवते, नंतरसाठी. तिच्या जाळ्यात सापडणारं भक्ष्य बहुतेक जमिनीवरचं: भुंगे, आणि रात्री वाळूतून बाहेर पडून उड्या मारणारे सँडहॉपर. हे सँडहॉपर दिसायला किड्यांसारखे असले तरी खेकडे-झिंग्यांचे नातेवाईक. स्वतःहून कितीतरी मोठ्या, कडक कवचाच्या भुंग्याला हा कोळी लोळवतो तो या बांधण्याच्या कौशल्यावर.

तर या शिकारीला काय लागतं? दोन ताटांमध्ये मोकळी वाळू. किडे चालत येतील, वाऱ्याने ढकलले जातील अशी फट. पिंगाओ विरळ वाढतो, त्याच्या दोन गड्ड्यांमध्ये वाळू उघडी राहते. फटीच्या कडेला जाळं, फटीतून येणारी शिकार.

इथे माणूस आला आणि त्याने गवत लावलं. युरोपातून आणलेलं मॅरम गवत उडती वाळू थांबवायला उत्तम, म्हणून ते किनाऱ्याकिनाऱ्याने मोठ्या प्रमाणावर लावण्यात आलं. उद्देश चुकीचा नव्हता; वाळू शेतांवर, रस्त्यांवर सरकत होती. मॅरमने वाळू धरून ठेवली आणि सोबत सगळ्या फटीही बुजवल्या. त्याचे गड्डे इतके दाट वाढतात की मध्ये उघडी वाळू उरत नाही. कोळ्याला धागे ताणायला जागा नाही आणि शिकारीला यायला वाट नाही. टेकडी हिरवीगार दिसते, बाहेरच्या माणसाला वाटतं काय छान निसर्ग राखलाय. काटिपोच्या दृष्टीने ती ओसाड झालेली असते.

त्यात भर पडली शेतीची, लावलेल्या जंगलांची, समुद्रदर्शनी घरांची, चरणाऱ्या गुरांची आणि सशांची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूझीलंडमध्ये सुमारे 1,29,000 हेक्टर इतक्या जिवंत, म्हणजे वाऱ्याबरोबर अजून बदलत्या, वाळूच्या टेकड्या होत्या. शतक संपता संपता त्यातल्या सुमारे 39,000 हेक्टर उरल्या. साधारण 70 टक्के गेल्या. दक्षिण बेटावरच्या कँटरबरीत काइटोरेटे नावाचा वाळूचा लांबच लांब दांडा आहे, तिथे पिंगाओ अजून मोठ्या क्षेत्रावर टिकून आहे. काटिपोही तिथे आहे, हे वेगळं सांगायला नको.

घरातल्या कारभाराकडे वळू. विडो घराण्याची बदनामी अशी, की मादी मीलनानंतर नराला खाते. काटिपोच्या बाबतीत हे क्वचितच घडतं. वसंताच्या सुमारास, म्हणजे तिकडच्या ऑगस्ट-सप्टेंबरात, नर मादीच्या जाळ्यावर येतो आणि धागे हलवून आपली वर्दी देतो. ती अंगावर धावून येते, तो मागे सरकतो, पुन्हा येतो. असं काही वेळा झालं की ती उलटी लटकून निश्चल होते आणि त्याला जवळ येऊ देते. काम झालं की तो निघून जातो, बहुधा सुखरूप.

नोव्हेंबर-डिसेंबरात मादी अंडी घालते. पाच-सहा गोल, मळकट पांढऱ्या पिशव्या, प्रत्येकी साधारण 12 मिलिमीटर व्यासाच्या आणि एकेकीत 70 ते 90 अंडी. पिशव्या जाळ्याच्या मधोमध टांगलेल्या असतात. हळूहळू त्यांच्यावर वाळूचे कण चिकटतात. या काळात ती त्यांच्या आसपासच असते आणि एरवीपेक्षा जास्त तापट असते. साधारण सहा आठवड्यांनी पिल्लं बाहेर येतात. मग पांगापांग सुरू होते. पिल्लू उंचशा काडीच्या टोकावर चढतं, रेशमाचा धागा वाऱ्यावर सोडतं आणि वारा नेईल तिकडे जातं. बहुतेक वाया जातात. वाचतात ती पुढच्या वसंतापर्यंत मोठी होतात. मादी दोन वर्षांपर्यंत जगते.

याच उडण्याच्या सवयीमुळे हे कोळी न्यूझीलंडला पोचले असावेत, असं मानायला जागा आहे. ऑस्ट्रेलियातल्या रेडबॅकशी काटिपोचं रक्ताचं नातं इतकं जवळचं आहे की दोघांचे पूर्वज फार जुन्या काळी वेगळे झालेले दिसत नाहीत. मध्ये सुमारे 2,000 किलोमीटर समुद्र आहे. वाऱ्यावर असो वा वाहत्या लाकडावर, कुणीतरी तो कधीतरी ओलांडला.

नंतर खुद्द रेडबॅक आला तो माणसाच्या सामानातून. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला तो दक्षिण बेटावरच्या सेंट्रल ओटॅगोत आढळला. आता चुलत भावंडं एका देशात आली की भानगडी होणारच. रेडबॅक नर आणि काटिपो मादी यांची जोडी जमते आणि त्यांना प्रजननक्षम पिल्लंही होतात. उलट जोडी मात्र जमत नाही. काटिपो नर अंगाने जरा जड. तो रेडबॅक मादीच्या जाळ्यावर चढला की धागे जोरात हलतात, तिला वाटतं शिकार आली, आणि प्रेम व्यक्त करायच्या आत तो खाल्ला जातो. यात विनोद आहे तसाच धोकाही. संकर वाढत गेला तर अस्सल काटिपो हळूहळू रेडबॅकच्या रक्तात मिसळून जाऊ शकतो.

आणखी एक परका, दक्षिण आफ्रिकेहून आलेला स्टिटोडा कॅपेन्सिस. दिसायला बराच सारखा, म्हणून लोक त्याला 'खोटा काटिपो' म्हणतात. पोटाखालचा तो लाल डाग त्याला नसतो, आणि चावला तरी त्रास बराच कमी होतो. तो काटिपोवर चाल करून जातो असं नाही. वादळ आलं, टेकडीची कड ढासळली, काटिपोंची जाळी उद्ध्वस्त झाली, की मोकळ्या जागेत आधी कोण शिरतं एवढाच प्रश्न असतो. काटिपोची वीण वर्षातून एकदा, फार तर दोनदा, स्टिटोडाची बारमाही. जागा त्याने धरलेली असते. उत्तर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, व्हांगानुई ते वेलिंग्टन या पट्ट्यात त्याने काटिपोला असंच हटवलं.

आता विष. काटिपोच्या विषातला माणसाला भिडणारा घटक म्हणजे आल्फा-लॅट्रोटॉक्सिन हे प्रथिन. आपल्या मज्जातंतूच्या टोकाशी रासायनिक निरोपांच्या सूक्ष्म पिशव्या भरून ठेवलेल्या असतात. मेंदूकडून संदेश आला की त्या टोकात थोडं कॅल्शियम शिरतं, मोजक्या पिशव्या फुटतात आणि स्नायूला निरोप मिळतो: आखड. हे प्रथिन तंतूच्या टोकाला चिकटतं आणि त्याच्या आवरणाला भोकं पाडतं. कॅल्शियम बेसुमार आत येतं आणि मेंदूने काहीही सांगितलेलं नसताना पिशव्या धडाधड रिकाम्या होतात. स्नायू आखडलेले राहतात, घामाच्या ग्रंथी सुटतात, रक्तदाब वाढतो. कीटकांसाठी विषात वेगळी प्रथिनं असतात. म्हणजे हे हत्यार माणसासाठी घडवलेलं नाही, आपण मध्ये सापडतो.

चावा सुरुवातीला टाचणी टोचल्यासारखा, कधी तर कळतही नाही. मग त्या जागी दुखायला लागतं, दुखणं वाढतं, पसरतं. घाम, मळमळ, पोटात किंवा छातीत कळा. हे काही दिवस चालू शकतं. फक्त प्रौढ मादीचाच चावा त्रासदायक. नर आणि पिल्लांच्या सुळ्यांचा माणसाच्या कातडीपुढे निभाव लागत नाही. मृत्यू? अलीकडच्या काळात एकही नोंदलेला नाही. गंभीर प्रकरण मात्र होऊ शकतं. 2010 मध्ये एक कॅनेडियन पर्यटक तिकडच्या किनाऱ्यावर कपडे काढून झोपला होता. नको त्या जागी काटिपो चावला, हृदयाच्या स्नायूला सूज आली आणि त्याला बरेच दिवस रुग्णालयात काढावे लागले. बातमी जगभर फिरली, आणि ती का फिरली हे सांगायची गरज नाही.

प्रत्यक्षात हा कोळी भित्रा आहे. धक्का लागला की पाय पोटाशी घेऊन गोळा होतो आणि खाली पडतो, नाहीतर आडोशाला पळतो. फारच पिच्छा पुरवला तर रेशीम फेकतो. चावतो तो अंगाखाली, कपड्यात किंवा बुटात चेंगरला तर, किंवा मादी अंड्यांवर असेल तर. ऑस्ट्रेलियात 1956 पासून रेडबॅकवर प्रतिविष मिळतं. विष इतकं मिळतंजुळतं आहे की तेच काटिपोवरही चालतं, आणि न्यूझीलंडच्या मोठ्या रुग्णालयांत ते ठेवलेलं असतं. मात्र 2014 मध्ये ऑस्ट्रेलियात रेडबॅकच्या रुग्णांवर झालेल्या चाचणीत असं दिसलं, की नेहमीच्या वेदनाशामकांना प्रतिविषाची जोड देऊन फारसा जास्त आराम पडत नाही. तेव्हापासून ते सरसकट देण्याबद्दल डॉक्टर पूर्वीइतके ठाम नाहीत. प्रथमोपचार साधा: जागा धुवा, बर्फाने शेका, डॉक्टर गाठा. साप चावल्यावर बांधतात तशी घट्ट पट्टी मात्र बांधायची नाही. विष हळू पसरतं, आणि दाबाने वेदनाच वाढते.

राहता राहिली मोजदाद. कोळी मोजायला झुडपं उचकली की जाळी मोडतात, म्हणजे ज्याला वाचवायचं त्याचंच घर पाडायचं. यावर संशोधकांनी काढलेला तोडगा मला फार आवडतो. टेकड्यांवर ठिकठिकाणी छोटी आच्छादनं ठेवायची, वाहून आलेल्या लाकडाची आठवण करून देणारी. काटिपो त्यांच्याखाली राहायला येतात. मग ठरलेल्या वेळी जाऊन आच्छादन उचलायचं, खाली कोण आहे ते मोजायचं आणि परत ठेवायचं. दुसरीकडे स्थानिक गट मॅरम काढून पिंगाओ नि स्पिनिफेक्स पुन्हा लावताहेत. काम किचकट आहे, कारण मॅरम उपटलं की वाळू पुन्हा उडू लागते, आणि नव्या जागेत काटिपोच्या आधी स्टिटोडा येऊन बसू शकतो. जवळपास काटिपोची वस्तीच उरली नसेल तर वाऱ्यावर पिल्लं येणार तरी कुठून?

तिथल्या किनाऱ्यावर जाणाऱ्यांसाठी एवढंच. टेकडीवरून गाडी नेऊ नका, शेकोटीसाठी ओंडके गोळा करू नका. वाळूत काढून ठेवलेले बूट घालण्याआधी झटका. एखादा ओंडका कुतूहलाने उलटायचाच असेल तर बोटं खालून न घालता कडेने धरा, पाहून झालं की जसा होता तसा हलकेच ठेवा. खाली अंड्यांच्या पिशव्या टांगलेल्या असतील तर त्या चेंगरणार नाहीत असा.